माळ्यावरचा काडतुसांचा डबा

दादा,

तुम्ही माळ्यावर ठेवलेला डबा गेल्या मंगळवारी पोलिसांनी नेला. दोघांनी तो उचलून वाळू भरलेल्या पेटीत ठेवला, पेटी गाडीत चढवली, आणि गाडी गल्लीतून इतकी सावकाश गेली की शेजारच्या आजी चालतसुद्धा तिच्या पुढे गेल्या असत्या. कॉलनीतली सगळी माणसं लांब उभी राहून बघत होती. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत, लेकीला बापाशी बोलावंसं वाटतं तसं, पुष्कळदा वाटलं, पण घाबरून वाटलं असं हे पहिल्यांदाच. डबा फुटेल ही भीती त्या गाडीबरोबर गेली. दुसरी मागे राहिली आहे, आणि ती एका वाक्यात सांगता येण्यासारखी नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

आता या घरात आई आणि मी दोघीच असतो. स्वयंपाकघरावरचा स्लॅब दोन पावसाळे गळत होता. यंदा एप्रिलमध्ये मी आठ दिवसांची रजा टाकली आणि मिस्त्री बोलावला. स्लॅबला हात लावायचा तर आधी खालचा माळा रिकामा करायला हवा. त्या माळ्यावर मी जन्मात कधी चढले नव्हते. आई चढू द्यायचीच नाही. कधी म्हणायची गांधीलमाशा आहेत, कधी म्हणायची फळी कुजलीय. तुमच्या पश्चातही तेच, आणि मी कधी विचारलं नाही. आई समोर हॉलमध्ये टीव्ही बघत होती, आजकाल तिला ऐकू कमी येतं, म्हणून या वेळी तिला न विचारताच मी मिस्त्रींना वर चढवलं. जुनी गादी, तांब्याचा बंब, माझ्या कॉलेजच्या वह्यांचा गठ्ठा, आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकवून पोत्याखाली झाकलेला तो डबा. मिस्त्रींनी तो फळीवरून ओढत पुढे आणला. "मॅडम, हे लय जड हाय. जुने खिळे हायत का काय?" असं म्हणत त्यांनी हातोडीच्या दांड्यानं कडीवर दोन ठोके घातले. गंजलेली कडी तुटली आणि झाकण निघालं.

आधी वास आला. तुम्हाला तो वास मी सांगायला नको. आंबूस, नाकात झोंबणारा. झाकणाच्या रबराचा चुरा झाला होता. आत कागदात बांधलेले गठ्ठे होते. कागद तपकिरी पडून इतका जीर्ण झाला होता की मिस्त्रींनी बोट लावताच फाटला, आणि आतून रायफलची काडतुसं दिसली. पितळ होतं हे मी अंदाजानं म्हणते. त्यावर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड चढली होती, काहींच्या मानेला उभ्या चिरा गेल्या होत्या, आणि डब्याच्या कोपऱ्यात लालसर भुकटी साचली होती. मिस्त्री एक काडतूस उचलून फुंकर मारू लागले. मी म्हटलं, "ते आहे तसं खाली ठेवा. हळू. डबापण तिथेच राहू द्या. आज काम बंद." ते म्हणाले, "अहो पण आत्ताशी तर अकरा वाजलेत." मी म्हटलं, "आईला बरं नाही." ते गेल्यावर मी गॅसचा सिलिंडर मागच्या अंगणात नेला.

मी फार्मासिस्ट आहे दादा. सरकारी दवाखान्याच्या औषध भांडारात सत्तावीस वर्षं झाली. मुदत संपलेली वस्तू कशी दिसते ते मला कळतं. पण पितळ आजारी पडतं हे मला त्याच स्वयंपाकघरात तुम्ही शिकवलं होतं. आई चिंच लावून भांडी घासते आहे, मी पाचवीत असेन, तुम्ही कामावरून आलाय, अजून अंगात खाकी शर्ट आहे, आणि तुम्ही कोपऱ्यातला एक लोटा उचलून मला त्याच्या काठावरचा हिरवा डाग दाखवताय. "याला कळंक म्हणतात. भांड्याचा कळंक चिंचेनं जातो. आमच्या भांडारातल्या पितळेचा जात नाही, कारण तो आतून येतो." तुम्ही सरकारी प्रशिक्षण केंद्राच्या दारूगोळा भांडाराचे स्टोअरकीपर. नव्या भरतीची माणसं तिथे रायफल चालवायला शिकत. तुमच्या भांडारातली काडतुसं माझ्या जन्माच्याही आधीची आहेत, छताचे पत्रे गळतात, उन्हाळ्यात डबे तापतात आणि पावसाळ्यात घामेजतात, हे सगळं तुम्ही जेवताना आईला सांगायचात. आई म्हणायची, "वरच्यांना लिहा की." तुम्ही म्हणायचात, "दोनदा लिहिलंय."

आणि त्याच वर्षी तुम्ही मला मारलंत. एकदाच. चांदमारीच्या, म्हणजे गोळीबार शिकवायच्या मैदानाच्या, मागच्या उताराला आम्ही मुली बोरं वेचायला गेलो होतो आणि मला गवतात काडतुसाची एक रिकामी पुंगळी सापडली. ओठांना लावून फुंकली की शिट्टी वाजायची. घरी आणून मी ती तुमच्यासमोर वाजवली. तुमचा हात कधी उठला ते मला दिसलंच नाही. "मोजलेली वस्तू आहे ती. मोजलेली वस्तू आपल्या घरात येत नाही. कळलं?" दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ती रुमालात बांधून परत नेलीत आणि रजिस्टरला चढवलीत. मी दप्तर घेऊन शाळेला निघाले होते, माझ्या गालावर वळ होता, आणि मला तुमचा राग आला नव्हता. मला तुमचा अभिमान वाटला होता.

म्हणून त्या दिवशी मी डब्यासमोर उभी होते तेव्हा मला दोन गोष्टींनी धरलं होतं. एक म्हणजे हे आत्ता उडेल का. दुसरी म्हणजे हे तुम्ही आणलं कसं.

आईला मी म्हटलं, "चल, थोडा वेळ शेजारी बसू." तिनं टीव्हीचा आवाज कमी केला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "माळा उघडलास?" मी मान डोलावली. "काळपट डबा ना? वर पांढरी अक्षरं?" मी खाली बसले. आई एवढंच म्हणाली, "हात लावू नको म्हणाले होते. कुणाला सांगू नको म्हणाले होते. मी नाही सांगितलं." कधी आणला, कशासाठी, काही नाही. जेवढं तुम्ही सांगितलंत तेवढंच तिला माहीत. अडतीस वर्षं ती त्या डब्याखाली स्वयंपाक करत होती. फोडणी देत होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की ती रोज घाबरत होती, आणि घाबरण्याची तिला इतकी सवय झाली होती की ते कुणाला दिसत नव्हतं.

शहाण्या माणसानं तेव्हाच पोलिसांना फोन केला असता. मी केला नाही. फोन हातात घेतला की डोळ्यापुढे यायचं, दारात पोलीस आहेत, आई जबाब देतेय, दवाखान्यात कुजबुज चाललीय, आणि उद्या कुठल्यातरी कागदावर तुमच्या नावापुढे चोर लिहिलंय. आपल्यासारख्या घरात पहिली सरकारी नोकरी तुमची. त्या नोकरीवर कॉलनीतला हा गाळा आला, माझं शिक्षण आलं. मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, फटींना ओली चादर लावली, आईला शेजारी पाठवलं आणि स्वतः व्हरांड्यात बसून राहिले. दोन दिवस. ऊन चढायला लागलं की मनात एकच. स्लॅब तापतोय, डबा तापतोय. दर तासाला दाराशी जाऊन मी वास घ्यायचे. शेजारच्यांनी विचारलं तर औषध मारलंय म्हणून सांगितलं. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, आणि माझी आई त्यांच्याकडेच पाहुणी. मी त्यांनाही सांगितलं नाही, हे तुम्ही ऐकून ठेवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी विंचूरला गेले. तुमच्या केंद्रात रायफली दुरुस्त करायचे ते काका तिथे लेकीकडे राहतात, ऐंशी पार केलीय. तुमच्या मातीला आले होते तेव्हा भेटले, त्यानंतर नाही. कांद्याच्या चाळीजवळ बाजेवर बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी डब्याबद्दल सांगितलं तसे सोडले. "बाई गं," म्हणाले, "अजून हाय तो?"

मी आधी तेच विचारलं जे विचारायला धीर होत होता. "काका, ते आपोआप उडतं का?" ते म्हणाले, "तसं नाय उडत. पन ठोकू नको, उन्हात टाकू नको, जाळू तर नकोच नको. काडतूस म्हंजे काय, पितळंची पुंगळी. मागं टोपी, आत दारू, तोंडाला गोळी. दारू म्हातारी झाली का तिला आंबूस वास सुटतो, मंग ती आतून पितळ खाती. टोपी मंदावती. त्याचं खरं भ्या रायफलीत घातल्यावर. कधी वाजतच नाय. कधी उशिरा वाजतं, मानूस बघाया जातो आन् तेवढ्यात सुटतं. आन् कधी अर्धंच वाजतं. फुस्स. गोळी नळीतच बसती. मागनं दुसरी मारली का नळी फाटती."

मग मी न विचारताच ते म्हणाले, "तुझ्या बापानं चोरी नाय केली. भ्याला तो."

तुम्हाला माहीतच आहे ते, पण मला गेल्या मंगळवारपर्यंत माहीत नव्हतं. चांदमारीचा दिवस, तुम्हीच दिलेली काडतुसं, तुम्ही दोनदा ज्यांच्याविरुद्ध लिहिलं होतं तीच. एका रायफलीतून फुस्स आवाज आला. नेम शिकवणारे उस्ताद थांबा म्हणेपर्यंत ती रायफल धरलेल्या भरतीच्या मुलानं घाईनं तिच्यातच दुसरी गोळी भरून घोडा ओढला होता. त्याला अडवायला उस्तादांनी हात पुढे घातला होता. त्यांची दोन बोटं गेली आणि उजवा डोळा गेला. चौकशी बसणार म्हटल्यावर मोठ्या साहेबांनी तुम्हाला बोलावलं. त्या खेपेतलं एकही काडतूस शिल्लक दिसता कामा नये, म्हणजे कुणाला तपासायला काही मिळणार नाही. रजिस्टरला लिहा, सगळी वापरली. तुम्ही लिहिलंत. तुमची दोन पत्रंही फायलीतून गायब झाली. काकांना लिहायला लावलं की नळी आधीच तडकलेली होती आणि उस्तादांनी ती न तपासता फायर करू दिला. "मी बी सही केली," काका म्हणाले. "माझी बी पोरं ल्हान व्हती." पण रजिस्टरला शून्य लिहिल्यावरही एक डबा भांडारात उरलाच होता. परत करता येईना, ठेवता येईना, फेकावा तर कुणाच्या हाती लागेल. तुम्ही तो सायकलच्या मागे बांधून घरी आणलात. उस्तादांवर ठपका आला आणि त्यांना घरी बसवलं.

हे ऐकताना मला एक दुपार आठवली, आणि ती आठवल्यापासून ती जात नाही. मी नववीत आहे. रविवार. दारावर थाप पडते. उस्ताद उभे आहेत. ते पूर्वी यायचे तेव्हा त्यांचा आवाज चार घरं ऐकू जायचा, माझ्यासाठी खिशातून भाजलेले शेंगदाणे काढायचे. आज डोळ्यावर पट्टी आहे, हात गळ्यात अडकवलाय, आणि ते हळू आवाजात विचारतात, "दादा हायत का घरी? एकच गोष्ट विचारायचीय." मी आत येते. तुम्ही स्वयंपाकघरात, माळ्याखाली, भिंतीला पाठ लावून उभे आहात. तुम्ही मान हलवता. मी बाहेर जाऊन सांगते, "दादा घरी नाहीत." ते बाहेरच्या तुमच्या चपलांकडे बघतात. मग माझ्या डोक्यावर डावा हात ठेवतात आणि जातात. परत कधी येत नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही दमला असाल.

मला नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही मला लाल पेन्सिलींचं एक खोकं दिलंत. म्हणालात, "ज्याची मुदत संपली त्याच्यावर लाल रेघ मारायची. कुठलाही साहेब काहीही म्हणो. नोकरी गेली तरी चालेल." तुमचा आवाज चढला होता, डोळे भरले होते, आणि मी आईकडे बघून हसले होते. मी आजवर तसंच केलं दादा. एकदा भांडणं झाली, एकदा बदलीची धमकी आली, पण रेघ पुसली नाही. मला वाटायचं मी तुमच्यासारखं वागते आहे.

विंचूरहून आले ती सरळ पोलीस ठाण्यात गेले. आता वाट बघण्यात अर्थ नव्हता, आणि आजच पोलिसांना सांग म्हणून काकांनी शपथ घातली होती. फौजदार बाई वयानं माझ्या लेकीसारख्या. मी "घरात जुनी काडतुसं निघाली" एवढं म्हटलं आणि रडायलाच लागले. त्यांनी पाणी दिलं. "ताई, घाबरू नका. जुन्या घरांतून निघतात अशा वस्तू." तासाभरात पथक आलं. दोन्हीकडची चार-चार घरं रिकामी केली. शेजारच्या आजींनी माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि माझ्या आईला आधार देत मैदानाकडे घेऊन गेल्या. पथकातल्या माणसानं बाहेर येऊन सांगितलं की सगळी कुजलीत, लांब नेऊन नष्ट करावी लागतील. मग जबाब. फौजदार बाईंनी विचारलं, "वडिलांनी कुठून आणली, काही कल्पना?" मी म्हटलं, कामाच्या ठिकाणाहून असतील. "कशासाठी ठेवली असतील?" बाहेर गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "माहीत नाही." त्या म्हणाल्या, "आता ते हयात नाहीत, केंद्रही बंद झालंय. आपण एवढंच लिहू." त्यांनी लिहिलं आणि मी सही केली. आईनं सही केली. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

स्लॅबचं काम झालंय. माळा मी काढून टाकला. आई अजून फोडणी देताना वर बघते.

तुम्ही चोर नव्हता याचं मला बरं वाटायला हवं. वाटतही असेल कुठेतरी. पण मला सारखं वाटतं की तुम्ही तो डबा भीतीनं आणलात आणि ठेवलात मात्र दुसऱ्या कशासाठी. तो गोदावरीत बुडवता आला असता. विहिरीत टाकता आला असता. उस्तादांची चूक नव्हती हे दाखवणारी तेवढी एकच वस्तू उरली होती, आणि ती तुम्ही जपलीत. एखाद्या दिवशी खाली काढायची असं मनात असेल. की हे मी तुमच्यासाठी रचते आहे? तुम्ही असता तर विचारलं असतं, आणि तुम्ही उत्तर दिलं नसतंत. आता तर ती वस्तूही नष्ट झाली. माझ्या सहीनं.

उस्ताद दहा वर्षांपूर्वी गेले. काकांनी सांगितलं, त्यांची लेक पंचवटीत भाजी विकते, मारुतीच्या देवळाला लागून तिसरी गाडी. आज सकाळी मी गेले. हे पत्र पोचणार नाही म्हणूनच तुम्हाला सांगते, रिक्षात बसून मी वाक्य पाठ केलं होतं. तुमच्या वडिलांची चूक नव्हती, माझ्या वडिलांना ते माहीत होतं. एवढंच. ती माझ्याच वयाची आहे. मोठा आवाज आहे तिचा, चार गाड्यांपलीकडून ऐकू येतो. तिनं मला मेथीची जुडी निवडून दिली, वर कोथिंबीर टाकली, आणि माझ्याकडे नीट बघत विचारलं, "काय ताई, बरं नाय का? बसता का जरा?" मी नाही म्हटलं. "आणखी काय देऊ?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, काही नको, आणि घरी आले.